गाडी पाण्यात कशाला घातली? एक निसर्गचित्र निवांत पाहायची रीत

बत्तीस वर्षं मी शाळेत ड्रॉइंग शिकवलं. फळ्यावर 'निसर्गचित्र' एवढं लिहिलं की पन्नास पोरं एकच चित्र काढायची. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, कडेला कौलारू घर, नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. वाई-साताऱ्याकडच्या कितीतरी पोरांनी तोवर नारळाचं झाड धड पाहिलेलंही नसायचं, तरी ते चित्रात यायचंच. एकदा सातवीतल्या एका पोराने त्या नदीवर डिझेलचा पंप काढला, धुरासकट. 'निसर्गात पंप कुठून आला' म्हणून मी त्याचे दोन मार्क कापले. त्याच्या गावच्या नदीवर तेव्हा पंप होते आणि मला ते माहीत होतं.

हे आधी कबूल करतो, कारण मी पुढे जे सांगणार आहे ते मला नोकरीत असताना कळलं नव्हतं. ते कळलं निवृत्तीनंतर, लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा. तिथल्या नॅशनल गॅलरीत मी आणि आमची ही एका चित्रासमोर दोन तास बसलो होतो. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन', सन १८२१. कॅलेंडरवर, बिस्किटाच्या डब्यावर, कोड्याच्या तुकड्यांच्या खोक्यावर तुम्ही ते पाहिलेलं असणार. डावीकडे लाल कौलांचं घर, समोर उथळ नदी, नदीच्या पाण्यात घोडे जुंपलेली गाडी आणि उजवीकडे उन्हातलं कुरण.

गॅलरीत जायला तिकीट नाही, पण विमानाला आहे, म्हणून ही रीत घरबसल्या करता येईल अशी सांगतो. नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर हे चित्र मोठं करून पाहता येतं. मोबाइलवर नको, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर उघडा. मूळ कॅनव्हास साधारण १३० बाय १८५ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे आपल्या दारापेक्षा थोडा कमी उंच, पण आडवा. हातात एक वही, एक पोस्टकार्ड आणि तासभर वेळ घ्या.

सगळ्यात आधी पाच मिनिटं काहीही करू नका. नुसतं बघा, आणि मग वहीत एकच शब्द लिहा: चित्र बघून कसं वाटलं. मी ज्यांच्याकडून हे करून घेतलं त्यातल्या बहुतेकांनी 'शांत' असं लिहिलं. माझाही तोच होता. पुढचं सगळं काम आता या शब्दाची झडती घेण्याचं आहे. ही शांतता चित्रात नेमकी कुठे ठेवलीय? कशाने केलीय? आणि ती करताना काय बाजूला सारलंय?

डोळे किलकिले करा. तपशील विरघळतात आणि फक्त मोठे आकार राहतात. डावीकडे झाडं आणि घर मिळून एक गडद ठोकळा, उजवीकडे मोकळी उजळ पट्टी, वर मोठं आभाळ. आता आडव्या रेघा शोधा: पाण्याची कड, कुरण, दूरची झाडांची ओळ, होडी. उभं म्हणावं असं फार थोडं आहे, आणि जे आहे ते पानांत बुडालेलं. आडवी रेघ निजलेली असते, हे आम्ही पाचवीतच शिकवतो. शांततेचा पहिला वाटा तिथून येतो.

ही मांडणी कॉन्स्टेबलने आकाशातून आणलेली नाही. त्याच्या आधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं रोममध्ये राहणारा क्लोद लोरँ हा फ्रेंच चित्रकार असाच साचा वापरत होता: एका बाजूला गडद झाड, पुढे तपकिरी जमीन, मध्ये पाणी, मागे निळसर होत गेलेलं अंतर, आणि कुठेतरी मेंढपाळ. इंग्रजीत ज्याला पास्टोरल म्हणतात ते मुळात हेच, शहरातल्या माणसाने रंगवलेलं गुराख्याचं सुख. कॉन्स्टेबलने क्लोदची चित्रं मन लावून पाहिली होती, त्यांच्या नकला केल्या होत्या. म्हणजे आमच्या पोरांच्या दोन डोंगरांचा खापरपणजोबा इटलीत सापडतो. माझ्या मते साचा असण्यात वाईट काही नाही. साच्यात आपल्या गावचं काय घातलं, एवढंच बघायचं.

आणि 'रोमँटिक' या शब्दाने गोंधळू नका. बागेतल्या बाकावरचं जोडपं इथे नाही. त्या काळातल्या चित्रकार-कवींनी नियमांपेक्षा स्वतःला काय वाटतं त्याला मान दिला, एवढं धरून चाला. कॉन्स्टेबल स्वतःच एका पत्रात लिहून गेलाय की माझ्या लेखी चित्र काढणं म्हणजे भावनेचंच दुसरं नाव. त्याच पत्रात त्याला काय काय आवडतं त्याची यादी आहे: गिरणीच्या बांधावरून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब, विटकाम. पत्र ऑक्टोबर १८२१ चं, मित्राला, जॉन फिशर नावाच्या पाद्र्याला लिहिलेलं. कुजक्या फळ्यांवर जीव टाकणारा माणूस क्लोदच्या सोनेरी उजेडात किती रमणार?

आता पोस्टकार्ड घ्या आणि आभाळ झाका. चित्र लगेच बसकं होतं, एखाद्या शेताच्या फोटोसारखं. कार्ड काढा. आभाळ येतं आणि सोबत हवा येते. ढग नीट बघा. पांढरे आहेत, पण सगळे नाहीत. डावीकडे, झाडांच्या वर, राखाडी भरून आलंय. कॉन्स्टेबलचा बाप गिरणीवाला. त्याच्या पाण्यावरच्या गिरण्या होत्या, पवनचक्कीही होती, आणि पोरगा चित्रकार व्हायच्या आधी काही काळ त्या पवनचक्कीवर राबला होता. वारा कुठून फिरला आणि ढग कुठला, हे पवनचक्कीवाल्याला कळलंच पाहिजे, नाहीतर पंख मोडतात. पुढे १८२१ आणि २२ साली त्याने लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर उभं राहून कागदावर नुसत्या आभाळाचे अभ्यास केले. त्यांतल्या कित्येकांच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवलाय. निसर्गचित्रात भावना मुख्यतः आभाळ वाहून नेतं, हे त्याचंच म्हणणं.

मग प्रश्न विचारा, खाली काय चाललंय आणि त्या कामाला हे आभाळ चालेल का? उजवीकडे, अगदी लांब, कुरणाच्या टोकाशी पांढऱ्या सदऱ्यांचे ठिपके दिसतील. मोठं करून बघा. माणसं गवत कापतायत, कुणी लांब दांड्याच्या विळ्याला धार लावतोय, कुणी गाडीवर गवत चढवतोय. वाळलेलं गवत गंजीला लागेपर्यंत पाऊस नको. मळणी खळ्यावर पडलेली असताना पश्चिमेला काळं दिसलं की आमच्या घरी कुणी जेवायला बसत नसे, तसंच हे. एवढं लक्षात आलं की 'शांत' या शब्दाला पहिली चीर पडते. चित्रातली गाडी सावकाश चाललीय, पण त्या ठिपक्यांना घाई आहे.

रंगाचं थोडक्यात सांगतो. घोड्यांच्या मानेवरच्या सामानात लाल रंग आहे. पडद्यावर त्यावर बोटाचं टोक ठेवून झाका. सगळा हिरवा मेल्यासारखा होतो. बोट काढलं की जिवंत. उजवीकडे काठच्या झुडपाशी एक मासेमार आहे, त्याच्या गळ्यालाही तसाच लाल ठिपका आहे. शाळेत आम्ही विरुद्ध रंगांचं चक्र शिकवतो, त्याचा इतका स्वस्तात दिलेला पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही. आणि हिरवा एक नाही. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने आपल्या रोजनिशीत नोंदवलंय की कॉन्स्टेबलच्या कुरणांचा हिरवा इतका चांगला दिसतो, कारण तो कित्येक वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला असतो. सॅप ग्रीनची एक ट्यूब पिळून पूर्ण झाड रंगवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य पेटीच्या झाकणावर चिकटवावं.

याच हिरव्यावरून एक गोष्ट सांगतात. सर जॉर्ज बोमाँट नावाचे एक धनिक संग्राहक कॉन्स्टेबलचे हितचिंतक होते. त्यांच्या मते चित्राचा एकूण सूर जुन्या व्हायोलिनसारखा तपकिरी असावा. कॉन्स्टेबलने एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवलं. बघा म्हणे. वाद घालण्याची ही पद्धत मला फार आवडते.

आता गाडीकडे या. इथेच माझा बराच वेळ गेला, आणि तुमचाही जावा.

गाडी रिकामी आहे. 'हे वेन' म्हणजे गवताची गाडी, पण तिच्यात गवत नाही. आत दोन माणसं आहेत. गवत पलीकडे, कुरणात, त्या ठिपक्यांजवळ. गाडी तिकडे निघालीय. कॉन्स्टेबलने प्रदर्शनात ठेवताना चित्राला दिलेलं नाव वेगळंच होतं: 'निसर्गदृश्य: दुपार'. गवताच्या गाडीचं नाव फिशरने बोलण्यात पाडलं आणि तेच चिकटलं. दोन्ही नावं शेजारी ठेवून चित्र पुन्हा बघा. 'दुपार' म्हटलं की उजेड, झाडाची सावली, घराच्या धुराड्यातून निघणारा धूर आधी दिसतो. 'गाडी' म्हटलं की काम दिसतं. नाव बदललं की चित्राचा भाव सरकतो, हे कुठल्याही चित्रावर करून बघण्यासारखं आहे.

पण गाडी पाण्यात का? एक उत्तर सोपं आहे. जागेचं नाव फ्लॅटफर्ड. या नावातल्या 'फर्ड'चा अर्थच नदीचा उतार. नदी स्टाउर, परगणा सफक. तिथे पाणी उथळ, म्हणून गाड्या तिथून पार होत. दुसरं उत्तर असं देतात की उन्हाळ्यात घोड्यांचे पाय गार करायला. तिसरं उत्तर मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या घरी बैलगाडी होती. चैत्र संपत आला की चाकं बोलायला लागायची. लाकूड सुकून आकसतं, आरे, म्हणजे चाकाच्या दांड्या, मधल्या तुंब्यात खुळखुळतात, आणि चाकावरची लोखंडी धाव सैल होते. धाव निसटली की गाडी रस्त्यातच बसली म्हणायची. लोहाराकडे जायचे पैसे नसले की आधी पाचरी ठोकायच्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वडील गाडी कृष्णेत घालायचे. बैल सोडून गाडी रात्रभर गुडघाभर पाण्यात. सकाळी लाकूड फुगलेलं असायचं आणि धाव अशी गच्च बसायची की हातोड्याने वाजवली तर घंटेसारखा आवाज यायचा. तो आवाज ऐकायला मी मुद्दाम उठून जायचो. गाडी पाण्यात दिसली की रस्त्याने जाणारा माणूस विचारायचा, "चाकं लागली का हो सैल?" कुणी म्हणत नसे की काय सुंदर दृश्य आहे.

कॉन्स्टेबलच्या गाडीबद्दलही जाणकार हे कारण देतात: कोरड्या हवेत लाकूड आकसून धाव सैल पडते, म्हणून चाकं भिजवायची. चित्रापुढे बसून मी हिला हे सांगायला गेलो, तर ती आधीच चाकांकडे बघत होती. शेतकऱ्याचीच मुलगी ती. "पाणी आऱ्यांपर्यंत आलंय," एवढंच म्हणाली.

तेव्हा माझ्या रीतीतला मधला नियम असा: चित्रातला प्रत्येक माणूस आणि जनावर आत्ता काय काम करतंय ते क्रियापदात लिहून काढा. 'गाडी आहे' असं लिहायचं नाही. 'गाडी चाकं भिजवत उतार ओलांडतेय', 'बाई पाण्याशी वाकलीय', 'कुत्रा थांबून गाडीकडे बघतोय', 'मासेमार गळ घेऊन बसलाय', 'दूरचे लोक गवत कापतायत'. सहा-सात वाक्यं होतील. आता वाचा. मुद्दाम विसावा घेतलेलं जवळजवळ कुणीच नाही. आपण ज्याला शांत म्हणालो तो एका कामाच्या दिवसाचा मधला क्षण आहे. कुत्र्याला मात्र विसरू नका. तो खाली, आपल्या बाजूच्या काठावर उभा आहे आणि आपली नजर तोच उचलून गाडीकडे देतो. त्याला बोटाने झाकलं तर नजर थेट घरावर जाऊन बसते.

यानंतर जे खोडलंय ते शोधा. कॉन्स्टेबलने या चित्रासाठी आधी जवळपास एवढ्याच आकाराचं एक कच्चं चित्र केलं. ते लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि त्याचीही प्रतिमा सहज मिळते. दोन्ही शेजारी उघडा. कच्च्या चित्रात काठावर, कुत्र्याजवळ, एक घोडेस्वार दिसेल. पक्क्या चित्रात तो नाही. त्याच्या जागी कॉन्स्टेबलने आधी एक पिंप आणलं आणि मग तेही रंगवून बुजवलं. काळाने वरचा रंग पारदर्शक होत जातो, तशी त्या जागी पिंपाची सावली वर येऊ लागलीय. पडद्यावर मोठं करून त्या काठाशी थांबा. समोरचा घोडेस्वार असता तर चित्र त्याचं झालं असतं, आपण त्याच्या मागून पाहिलं असतं. त्याला उठवून लावल्यावर जागा मोकळी झाली आणि तिथे आपण उभे राहिलो. शांततेचा आणखी एक वाटा असा पुसून मिळवलेला आहे.

आणि हे सगळं काढलं कुठे? लंडनच्या घरात, हिवाळ्यात. ग्रेड परीक्षेला बसलेल्यांना 'स्मरणचित्र' हा पेपर आठवत असेल. 'द हे वेन' हे एक भलंमोठं स्मरणचित्र आहे. कॉन्स्टेबलचा जन्म १७७६ चा, ईस्ट बर्गोल्ट गावचा, फ्लॅटफर्डची गिरणी त्याच्या बापाची. जवळच्या जागेची जुनी रेखाटनं त्याच्यापाशी होती, पण गाडी नेमकी कशी असते तिथे आठवण अडली. मग फेब्रुवारी १८२१ मध्ये गावाहून भावाने, एब्रमने, जॉनी डंथॉर्न नावाच्या तरुणाने थंडीत उभं राहून काढलेलं गाडीचं रेखाटन पाठवलं. चित्रातली गाडी त्यावरून आली. भर उन्हाळ्यातली गाडी, थंडीत काढलेली. त्यातलं घरही खरं आहे. विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं, अजून उभं आहे. हा माणूस अख्ख्या आयुष्यात चारच रात्री घराबाहेर राहिला असं सांगितलं जातं. गाव सोडून गेलेल्या चित्रकाराने गाव न सोडलेल्या माणसाचं घर डाव्या हाताला ठेवावं, हे मला उगाच वाटत नाही. लेकीच्या घरात बसून मीही तेव्हा कृष्णेचंच पाणी आठवत होतो, म्हणून कदाचित.

आता सगळ्यात अवघड पायरी. जे कधी रंगवलंच नाही ते.

चित्रातल्या माणसांचे चेहरे बघायचा प्रयत्न करा. दिसत नाहीत. कुरणातले तर ठिपकेच. गिरणीमालकाच्या मुलाला आपल्या अंगणातून मजूर जेवढे लांब दिसले असतील, तेवढेच ते चित्रात लांब आहेत. आणि त्या मजुरांचे दिवस कसे होते? १८१५ ला नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं, धान्याचे भाव कोसळले, सैन्यातून सुटलेली माणसं काम शोधत गावी आली, मजुरी पडली. १८१६ मध्ये त्याच पूर्वेकडच्या भागात भाकरीसाठी दंगे झाले. १८२२ मध्ये, म्हणजे हे चित्र प्रदर्शनात लागून वर्षही धड झालं नव्हतं, कॉन्स्टेबल स्वतः फिशरला लिहितो की भाऊ गावाकडच्या परिस्थितीने अस्वस्थ आहे, जवळ किंवा दूर आग दिसली नाही अशी रात्र जात नाही. चिडलेले मजूर गंज्या पेटवत होते.

हे वाचल्यावर काही लोक म्हणतात, मग हे चित्र खोटं. मला ते पटत नाही. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, हा इंग्लंडचा स्वर्ग. तेही पटत नाही. माणसाने आपलं लहानपण जपायला हे काढलंय, आणि लहानपण जपताना आगीचा धूर कुणी आत घेत नाही. पण बघणाऱ्याने मात्र धूर बाहेर होता हे माहीत असू द्यावं. एवढं माहीत असलं की चित्र लहान होत नाही. त्यातलं ऊन उलट जास्त किमती वाटायला लागतं, कारण ते किती अरुंद जागेत धरून ठेवलंय ते कळतं. त्या पंपवाल्या पोराने धूर आत घेतला होता. मी त्याचे मार्क कापले तेव्हा मी बोमाँटसाहेबांच्या बाजूला होतो, फक्त माझ्याकडे व्हायोलिन नव्हतं.

पुढे या चित्राचं काय झालं ते पटकन सांगतो, कारण अर्थ पुढच्या लोकांच्या हातीही बदलतो. १८२१ च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते विकलं गेलं नाही. मग एका पॅरिसच्या व्यापाऱ्याने ते घेतलं, १८२४ च्या पॅरिसच्या सालों या मोठ्या कलाप्रदर्शनात ते लागलं आणि फ्रान्सच्या राजाकडून, दहाव्या चार्ल्सकडून, त्याला सुवर्णपदक मिळालं. देलाक्रवाने ते पाहून आपल्या एका मोठ्या चित्राचे काही भाग पुन्हा रंगवले. कॉन्स्टेबल स्वतः कधीच इंग्लंडबाहेर गेला नाही. ज्या गावठी नदीला घरचं गिऱ्हाईक मिळालं नाही तिचं कौतुक परक्या राजाने केलं. हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही. १८८६ मध्ये ते नॅशनल गॅलरीला भेट म्हणून मिळालं. हळूहळू ते इंग्लंडच्या खेड्याचं बोधचिन्ह झालं, आणि बोधचिन्ह झालं की लोक त्यावर हात टाकतात. १९८० मध्ये पीटर केनर्ड या कलावंताने कात्रणं चिकटवून त्याच गाडीत क्षेपणास्त्रं भरली. जुलै २०२२ मध्ये खनिज तेलाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या दोघांनी गॅलरीत या चित्रावर दुसरंच चित्र चिकटवलं: आटलेली नदी, डांबरी रस्ता, आभाळात विमानं. पद्धत मला मुळीच आवडली नाही. पण त्यांनी जे बदललं त्यात नदी, गाडी आणि आभाळ या तिन्ही गोष्टी होत्या. नेम चुकला नव्हता.

आता तुमची परीक्षा. ही रीत लागली का हे पाहायचं असेल तर याच माणसाचं दुसरं चित्र उघडा: 'कुरणातून दिसणारं सॉल्झबरीचं कॅथीड्रल', १८३१. सामान तेच आहे. पाण्यात गाडी, घोडे, खाली कुत्रा, डावीकडे झाडं, मोठं आभाळ. परत तेच करा. पाच मिनिटं नुसतं पाहा, एक शब्द लिहा. डोळे किलकिले करा. या वेळी आडव्या रेघांमधून कॅथीड्रलचा मनोरा सुळक्यासारखा वर घुसलेला दिसेल, थेट काळ्या ढगात. आभाळ झाका, उघडा. इंद्रधनुष्य कुठे टेकतंय ते बघा. ते टोक फिशर राहत होता त्या घराच्या बाजूला येतं. रंग गुळगुळीत लावलाय की सुरीने ओरबाडल्यासारखा, ते मोठं करून पाहा. कुणाचं काय काम चाललंय ते क्रियापदात लिहा.

आणि हे सगळं झाल्यावरच, आधी नाही, पुढची माहिती वाचा. नोव्हेंबर १८२८ मध्ये कॉन्स्टेबलची बायको मारिया क्षयाने गेली. मागे सात मुलं. त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत दुपार अशी राहिलीच नाही. चरित्र आधी वाचलं तर माणूस प्रत्येक ढगात दुःख शोधत बसतो आणि चित्र बघायचं राहून जातं. आधी वहीतला शब्द, मग चरित्र. क्रम उलटा करू नका.

हे दुसरं चित्र मला प्रत्यक्ष पाहायला मिळालं नाही. गॅलरीतून परतताना, भुयारी गाडीत बसायच्या आधी, स्टेशनवरच्या बाकावर लेकीच्या टॅबवर आम्ही ते उघडलं. मी मनोरा आणि इंद्रधनुष्य यांच्यावर बोलायला सुरुवात केली. ही बराच वेळ खालच्या कोपऱ्यातल्या पाण्याकडे बघत होती. मग तिने टॅब माझ्याकडे सरकवला.

"ही गाडी," ती म्हणाली, "चाकं भिजवायला घातलेली नाही."